‘माले काय व्हस!’ म्हणण्याआधी

‘माले काय व्हस!’ हे आपल्या खानदेशातल्या बाईचं अगदी लाडकं वाक्य. अंगात ताप असला तरी माले काय व्हस, जिना चढताना दम लागला तरी माले काय व्हस. साक्रीत पिठाच्या गिरणीवर, भिशीत नाहीतर एखाद्या हळदीकुंकवाला कुणाच्या तरी छातीतल्या गाठीचा विषय निघाला, की बायकांचे आवाज एकदम खाली येतात. ‘अगंबाई, तिला का?’ इथपासून सुरुवात होते आणि मग प्रत्येक जण मनातल्या मनात स्वतःचा हिशेब मांडायला लागते. ‘मी तर चारही लेकरं अंगावर पाजली.’ ‘आमच्या घरात कुणालाच नाही.’ ‘माझी तर पिशवीच काढलीय.’ ‘माझी पाळी जाऊन दहा वर्षं झाली, आता कुठलं बायकांचं दुखणं?’ शेवटी एखादी म्हणतेच, ‘हे सगळं शहरातल्या बायकांचं गं.’

मैत्रिणींनो, यातल्या काही गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, काही साफ खोट्या. पण यातली एकही गोष्ट अशी नाही, की जिच्या भरवशावर बाईनं गाठीकडे दुर्लक्ष करावं. म्हणूनच आज स्तनाच्या कॅन्सरचा धोका कशाकशानं वाढतो, कशानं कमी होतो आणि मुख्य म्हणजे ‘धोका’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे जरा सावकाश बघू या.

डॉक्टर लोक ‘रिस्क फॅक्टर’ म्हणतात, त्याला आपण ‘धोका वाढवणारी गोष्ट’ म्हणू. ही गोष्ट म्हणजे आजाराचं कारण नव्हे. आपल्या कोंडाईबारीच्या घाटाचंच घ्या. रात्रीची वेळ, पावसाळा, जुने झालेले ब्रेक, डुलकी लागलेला ड्रायव्हर, या सगळ्यांनी अपघाताचा धोका वाढतो. तरीही भर पावसात रात्री किती तरी गाड्या सुखरूप खाली उतरतात आणि एखादी नवी कोरी गाडी टळटळीत दुपारी कलंडते. म्हणून कुणी ब्रेक तपासायचं सोडत नाही, आणि नव्या गाडीचा मालक ‘मला काही होणारच नाही’ अशी खात्रीही देऊ शकत नाही. कॅन्सरचंही तसंच असतं. धोका वाढवणाऱ्या चार गोष्टी असूनही आयुष्यभर काही न होणाऱ्या बायका आहेत, आणि एकही नसताना हा आजार झालेल्या बायकाही आहेत, पुष्कळ आहेत.

सगळ्यात मोठ्या दोन गोष्टी

स्तनाच्या कॅन्सरचा सगळ्यात मोठा धोका कशामुळे? एक, बाई असणं. दोन, वय वाढणं. बस्स. पुरुषांनाही हा कॅन्सर होतो, पण शंभर रुग्णांत जेमतेम एखादा पुरुष असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की या आजाराच्या निम्म्या रुग्णांमध्ये बाई असणं आणि वय, यापलीकडे कोणतीही खास गोष्ट सापडत नाही. निम्म्या, बरं का! म्हणजे ज्या बाईच्या बाबतीत शेजारणी ‘हिनं दूध पाजलं नसेल’, ‘हिनं काहीतरी लपवलं असेल’ अशी कुजबुज करतात, तिनं बिचारीनं काहीच केलेलं नसतं.

२०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर झाला आणि सुमारे ९८ हजार बायका त्यानं गेल्या, असा अंदाज आहे. आकडा ऐकून पोटात गोळा येतो, म्हणून दुसऱ्या पद्धतीनं सांगते. देशभरातल्या कॅन्सर नोंदणीच्या २०२० सालच्या अहवालात असा हिशेब दिलाय, की चौऱ्याहत्तर वर्षांपर्यंतच्या आयुष्यात दर २९ बायकांमागे एकीला हा आजार होऊ शकतो. तुमच्या भिशीत तीसेक बायका असतील तर त्यातली एक, तीही आज किंवा उद्या नव्हे, अख्ख्या आयुष्यात केव्हा तरी. बाकीच्या २८ जणींना होणार नाही. पण ती एक कोण, हे आधी कुणालाच सांगता येत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

वयाचं म्हणाल तर आपल्याकडे एक उलटीच गंमत आहे. पाळी असते तोवर बाई अधूनमधून लेडीज डॉक्टरकडे जाते, बाळंतपणं असतात, कॉपर-टी असते, अंगावरून जास्त जाणं असतं. पाळी गेली की ती म्हणते, सुटले एकदाची! आता त्या डॉक्टरचं तोंड बघायला नको. नेमका तिथून पुढेच धोका चढत जातो. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षं आधी, म्हणजे पंचेचाळीस-पन्नाशीच्या आसपासच बऱ्याच जणींमध्ये सापडतो, हे खरं आहे. तिशी-पस्तिशीतल्या मुलींनाही होतो. पण म्हणून साठीची सासू सुटली, असं नव्हे. घरातल्या सुनेला दवाखान्यात नेताना सासूबाईंनाही बरोबर घेऊन जा. त्या ‘मला काय करायचंय आता’ म्हणतील, तरीही.

‘घरात कुणाला आहे का?’

डॉक्टर हा प्रश्न विचारतात आणि आपण चटकन म्हणतो, ‘नाही, कुणालाच नाही.’ जरा थांबा. तुम्ही ‘घर’ म्हणून कुणाचा विचार केला? लग्न होऊन वीस वर्षं झालेल्या बाईच्या डोळ्यांपुढे सासरच येतं. सासू, नणंद, जाऊ. पण या बायकांचं आणि तुमचं रक्ताचं नातं नाही! नणंदेला कॅन्सर झाला म्हणून तुमचा धोका वाढत नाही, आणि सासरी कुणालाच नाही म्हणून कमीही होत नाही. तुमच्यासाठी माहेर महत्त्वाचं. आई, सख्खी बहीण, मावशी, आजी. आणि हो, आत्यासुद्धा. लोकांना वाटतं बायकांचा आजार म्हणजे तो आईकडूनच येणार. तसं नाही. हा दोष वडिलांकडूनही मुलीत येऊ शकतो. म्हणून वडिलांची आई आणि आत्या यांची चौकशी करायलाच हवी. आता तुमच्या लेकीचा विचार कराल तर तिच्यासाठी मात्र दोन्ही घरं मोजायची, कारण तुमची नणंद म्हणजे तिची सख्खी आत्या.

दुसरी अडचण आपल्या बोलण्याची आहे. आपल्याकडे या आजाराचं नावच घेत नाहीत. आजी कशानं गेली असं विचारलं तर उत्तर मिळतं, ‘छातीत गळू झालं होतं’, ‘काहीतरी वाईट दुखणं होतं’, ‘पोटात पाणी झालं होतं’. या ‘पोटात पाणी होण्या’मागे कधी कधी अंडाशयाचा कॅन्सर असतो, आणि त्याचं स्तनाच्या कॅन्सरशी जवळचं नातं आहे. पुढच्या वेळी माहेरी जाल, आखाजीला म्हणा, दिवाळीला म्हणा, तेव्हा आईजवळ किंवा घरातल्या एखाद्या जुन्या जाणत्या बाईजवळ बसून एवढं विचाराच : कुणाला, कुठला, आणि साधारण कितव्या वर्षी. हे वय फार कामाचं असतं. ऐंशीव्या वर्षी आजीला झालेला आजार आणि अडतिसाव्या वर्षी मावशीला झालेला आजार, यांचा अर्थ एकच नसतो.

आता या घराण्याच्या गोष्टीचं वजन किती, तेही बघा. २००१ साली जगभरातल्या अनेक अभ्यासांची माहिती एकत्र करून एक मोठा हिशेब मांडला गेला. त्यात आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी एकीला हा आजार असेल तर बाईचा धोका साधारण दुप्पट होतो, असं दिसलं. पण त्याच हिशेबातून दुसरी गोष्टही पुढे आली. स्तनाचा कॅन्सर झालेल्या दर नऊ बायकांपैकी आठ जणींच्या आई, बहीण, मुलीला तो नव्हताच! ‘मन्ही मायले नव्हता, मंग माले कसा व्हई?’ हा आपला प्रश्न त्या आठ जणींनीही विचारला असेल.

खऱ्या अर्थानं ‘रक्तातून आलेला’ कॅन्सर शंभरात पाच ते दहा जणींचाच असतो. त्यातल्या बऱ्याच जणींमध्ये बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या दोन जनुकांपैकी एकात बिघाड सापडतो. ही जनुकं १९९४ आणि १९९५ साली शास्त्रज्ञांच्या हाती लागली. खरं तर ती आपल्या शरीरात दुरुस्तीचं काम करतात, पेशींमधल्या चुका सांधतात. ती दुरुस्ती बंद पडली की धोका खूप वाढतो, इतका की असा दोष असलेल्या निम्म्याहून जास्त बायकांना आयुष्यात केव्हा तरी स्तनाचा कॅन्सर होतो. २०१३ साली अँजेलिना जोली या हॉलिवूडच्या नटीनं कॅन्सर झालेला नसताना दोन्ही स्तन काढून घेतले, ते याच दोषामुळे. पण तिची बातमी वाचून प्रत्येकीनं रक्त तपासायला धावण्याची गरज नाही. तुमच्या रक्ताच्या नात्यात दोघी-तिघींना झाला असेल, कुणाला तरुणपणीच झाला असेल, एकीला दोन्ही बाजूंना झाला असेल, कुणाला अंडाशयाचा असेल किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात अशा घराण्यांना सल्ला देणारा वेगळा विभाग आहे.

पाजलेली लेकरं, गेलेली पाळी आणि पोटाचा घेर

तीनशे वर्षांपूर्वी इटलीत बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे एक वैद्य होते. निरनिराळे कामधंदे करणाऱ्या लोकांना कोणकोणते आजार होतात, याचा त्यांना नाद होता. मठात राहणाऱ्या नन्समध्ये छातीचा कॅन्सर इतर बायकांपेक्षा जास्त दिसतो, हे त्यांनी लिहून ठेवलं. कारण त्यांना नीट सांगता आलं नाही. पुढे १९२६ साली ब्रिटनमध्ये जॅनेट लेन-क्लेपन या बाईंनी कॅन्सर झालेल्या ५०० आणि न झालेल्या ५०० बायकांना सारखेच प्रश्न विचारले : लग्न कधी झालं, मुलं किती, अंगावर किती दिवस पाजलं. आज जगभर रिस्क फॅक्टर शोधण्याची जी पद्धत आहे, तिची सुरुवात या बाईंच्या त्या प्रश्नांच्या यादीत आहे. डॉक्टर असलेल्या एका बाईनं बायकांना विचारून हे शोधलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्यांना जे दिसलं ते पुढे पक्कं झालं. २००२ साली तीस देशांतल्या ४७ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला. त्यात दर बाळंतपणामागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी आणि दर वर्षभर अंगावर पाजण्यामागे आणखी सुमारे ४ टक्क्यांनी कमी होतो, असं आढळलं. यामागचं गणित बाईच्या संप्रेरकांचं, म्हणजे हार्मोन्सचं आहे. इस्ट्रोजन नावाचं संप्रेरक दर महिन्याला स्तनातल्या पेशींना वाढायला सांगत असतं. पाळी लवकर, बाराव्या वर्षाच्या आत सुरू झाली, उशिरा, पंचावन्ननंतर गेली, पहिलं मूल तिशीनंतर झालं किंवा झालंच नाही, तर हा महिन्याचा फेरा जास्त वेळा होतो. गरोदरपण आणि पाजणं या काळात त्याला विसावा मिळतो.

म्हणजे चार लेकरं पाजलेल्या बाईचं म्हणणं अगदीच चूक नाही. तिचा धोका खरंच कमी आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे! एक दुसरी गोष्टही लक्षात ठेवा. पाजणाऱ्या बाईच्या छातीत गाठ आली की ‘दूध गोठलंय’ म्हणून शेक, लेप सुरू होतात. बहुतेक वेळा ते दूधच असतं. पण दोन आठवड्यांत गाठ गेली नाही तर डॉक्टरला दाखवायलाच हवी.

पिशवी काढलेल्या बायकांचाही असाच गैरसमज असतो. पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढल्यानं स्तनाच्या कॅन्सरपासून संरक्षण मिळत नाही. तो अवयव वेगळा, हा अवयव वेगळा. अंडाशयंही लहान वयात काढली असतील तर हा धोका काहीसा कमी होतो, हे खरं. पण त्यापायी हाडं आणि हृदय यांची जी हानी होते ती पाहता कुणी उगाच तो मार्ग धरू नये. आपल्याकडे अंगावरून पांढरं जातं एवढ्यावरून पिशवी काढून मोकळ्या होणाऱ्या बायका पाहिल्या, की हे दोनदा सांगावंसं वाटतं.

राहिलं ‘शहरातल्या बायकांचं दुखणं’. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून खेड्यापाड्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते. भारतातली ही पहिली ग्रामीण नोंदणी. तिथल्या खेड्यांतलं स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण मुंबईच्या मानाने बरंच कमी आहे. कारणं तीच : पहिलं मूल लवकर, मुलं जास्त, वर्ष-दीड वर्ष पाजणं आणि शेतातले कष्ट. पण आपली साक्री आता खेडं राहिली आहे का? मुली धुळ्याला, नाशिकला शिकायला जातात, लग्नं पंचविशीच्या पुढे होतात, एक किंवा दोन मुलं, हातात मोटरसायकल, घरात मिक्सर. याचा अर्थ मुलींची लग्नं लवकर उरका, असा कृपा करून कुणी काढू नका. लहान वयातल्या लग्नानं आणि बाळंतपणानं जे धोके येतात, त्यात गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सरही आहे. मुलींनी शिकावंच. बदलायचं असेल तर ते दुसरं आहे, आणि ते आपल्या हातातलं आहे.

ते म्हणजे पोट. पाळी गेल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजन येणं थांबतं, पण अंगातली चरबी ते बनवत राहते. म्हणून पाळीनंतर वाढलेलं वजन धोका वाढवतं. टाटा रुग्णालयातल्या संशोधकांनी २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पोटावर चरबी साठलेल्या बायकांमध्ये हा धोका जास्त दिसला, आणि तोही पाळी असलेल्या आणि गेलेल्या, दोन्ही वयांच्या बायकांमध्ये. म्हणजे हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही आपल्याकडची नेहमीची ठेवण. तिच्याकडे ‘खात्यापित्या घरची’ म्हणून कौतुकानं बघायचं आता सोडायला हवं. शेतात राबणाऱ्या बाईला व्यायाम सांगायला मी धजणार नाही. पण दुकानावर बसणाऱ्या, मास्तरीण असलेल्या, मालिका बघत भाजी निवडणाऱ्या आपण सगळ्या रोज अर्धा तास पायी चालू शकतो. रस्त्यावरून बाई एकटी चालत निघाली की ‘कुठे निघाल्या?’ असं चार जण विचारतात, हे माहीत आहे. दोघी-तिघी मिळून निघा.

दारूनंही हा धोका वाढतो, मग ती मोहाची असो की बाटलीतली, आणि थोडी घेतली तरी थोडा वाढतोच. मिश्री आणि तंबाखू तोंडाच्या कॅन्सरसाठी जास्त कुप्रसिद्ध आहेत, पण म्हणून इथे त्यांना कुणी चांगलं म्हणणार नाही.

टक्क्यांची भीती

पेपरात कधी ‘अमुक गोळीनं कॅन्सरचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो’ अशी बातमी येते आणि आपण हबकतो. हा आकडा खरा आहे. २००२ साली अमेरिकेत पाळी गेलेल्या बायकांना दोन संप्रेरकं एकत्र देण्याचा एक मोठा प्रयोग मध्येच थांबवावा लागला, कारण स्तनाचा कॅन्सर वाढताना दिसला. वाढ २६ टक्के. पण प्रत्यक्षात किती? गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला ३० जणींना कॅन्सर होत होता, गोळी घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे दहा हजारांत आठ जणी जास्त. हे कमी आहे असं मी म्हणत नाही. ज्या आठ जणी, त्यांच्यासाठी ते सगळंच आहे. पण ‘२६ टक्के’ ऐकून शंभरातल्या २६ जणींना होणार, असं वाटतं ना, तसं ते नसतं. बातमी वाचली की आधी विचारा, कितीवरून किती झालं?

पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचंही तसंच. गोळी चालू असताना धोका किंचित वाढतो आणि बंद केल्यावर हळूहळू उतरतो. तिशीतल्या बाईचा मुळातला धोकाच कमी, त्यामुळे ही वाढही लहानच. डॉक्टरांना न विचारता गोळी सोडून नको असलेलं बाळंतपण ओढवून घेणं, हा काही शहाणपणा नव्हे.

बाकी घट्ट ब्रेसियर, काळी ब्रेसियर, छातीला लागलेला मार, कुणाची नजर, कॅन्सर झालेल्या बाईच्या ताटातलं उष्टं, यांनी कॅन्सर होत नाही. हा आजार लागट नाही. तिच्याजवळ बसा, तिला जेवायला बोलवा.

आणि एक समज तर बायकांचा जीव घेतो. ‘सुई लावली की पसरतो.’ ‘लोखंड लागलं की भडकतो.’ गाठीतलं पाणी किंवा तुकडा काढून तपासल्यानं कॅन्सर पसरत नाही. उशीर केल्यानं पसरतो. मग सगळे म्हणतात, बघा, तपासलं आणि तीन महिन्यांत गेली. ती तपासल्यानं गेली नाही हो, ती तपासायलाच उशिरा आली.

मुंबईतल्या दीड लाख बायका

आता कामाची गोष्ट. धोका कुणाला, हे आधी ओळखता येत नाही, तर मग सगळ्याच बायकांची तपासणी कशी करायची? मॅमोग्राफीची मशीन गावोगाव कुठून येणार? हाच प्रश्न घेऊन टाटा रुग्णालयानं १९९८ साली मुंबईतल्या गरीब वस्त्यांमध्ये एक प्रयोग सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ बायका त्यात घेतल्या. निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी, अशा चार वेळा, बायकांची छाती हातानं तपासण्यात आली. तपासणाऱ्या कोण? मोठ्या डॉक्टर नव्हेत, तर त्याचं शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. उरलेल्या वस्त्यांत अशी तपासणी नव्हती. मग वीस वर्षं या सगळ्या बायकांवर लक्ष ठेवलं.

२०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निकाल छापून आला. तपासणी झालेल्या वस्त्यांत तिसऱ्या-चौथ्या पायरीवर सापडलेले कॅन्सर ३७ टक्के होते, तपासणी नसलेल्या वस्त्यांत ४७ टक्के. आणि पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले! पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही, हेही सांगितलं पाहिजे. पण पाळी गेल्यावर ‘आता मला काय’ म्हणणारी जी आपली बाई, नेमका तिचाच जीव एका सेविकेच्या दोन हातांनी वाचू शकतो, हे मुंबईत दिसून आलं. कुठलंही महागडं मशीन न लावता.

आपली आपण आरशासमोर तपासणी करावी, असं पूर्वी फार सांगत. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून जास्त कामगार बायकांना ते शिकवून पाहिलं. २००२ साली आलेल्या निकालात मृत्यू काही कमी झाले नव्हते. म्हणून आता महिन्याच्या ठरावीक तारखेचा तो सोपस्कार न झाला तरी चालतं असं मानतात. पण आंघोळीच्या वेळी आपली छाती कशी लागते, कशी दिसते, हे बाईला माहीत हवं. नवी गाठ, काखेतली गाठ, कातडीला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त येणं, यातलं काही दिसलं तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. गाठ दुखत नाही म्हणून ती साधी, असं मुळीच नाही. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. तसंच, सगळ्या गाठी कॅन्सरच्या नसतात. बहुतेक साध्याच निघतात. तेवढं ऐकण्यासाठी तरी जा.

सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईची छाती दर पाच वर्षांनी तपासायची आहे, आणि ती उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, सिस्टरकडून. त्याला पैसे पडत नाहीत. साक्रीत ग्रामीण रुग्णालय आहे. पुढचं काही निघालं तर धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कॅन्सरवरचे बरेच उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. २०१२ च्या जुलैमध्ये ही योजना राजीव गांधींच्या नावानं पहिल्यांदा सुरू झाली ती राज्यातल्या आठ जिल्ह्यांत, आणि त्यात आपला धुळे जिल्हा होता. रेशनकार्ड, आधारकार्ड जवळ ठेवा आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. पैसे नाहीत म्हणून दोन महिने गाठ झाकून ठेवणारी बाई या जिल्ह्यात तरी असू नये.

आशाताई तुमच्या दारात एक फॉर्म घेऊन येतात. आपण चुलीवरून, गॅसवरून हात न काढता ‘हो, नाही’ करत तो उरकतो. पुढच्या वेळी त्यांना बसायला सांगा. त्या फॉर्मवर बायकांसाठी छातीबद्दलचे तीन प्रश्न असतात : छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्तासारखा स्राव येतो का, आकारात काही बदल झालाय का. त्या टेपनं कमरेचा घेरही मोजतात. पोट आत ओढून धरू नका. आणि अगदी सुरुवातीला वय विचारतात, कारण त्या फॉर्मवर वय जास्त तसे गुण जास्त. आपल्यातल्या किती तरी जणींच्या आधारकार्डावर १ जून नाहीतर १ जानेवारी अशी अंदाजे घातलेली तारीख असते. तेव्हा कार्ड पुढे करण्याआधी थोरल्या लेकराचं वय आठवा, ते झालं तेव्हा आपण किती वर्षांच्या होतो ते त्यात मिळवा, आणि जो आकडा येईल तो सांगा.